घरामागची जागा, भाजीचे वाफे, पाच-सहा कोंबड्या आणि दोन शेळ्या: सुरुवात कुठून करायची

घरामागे थोडी मोकळी जागा हाताशी आली की डोक्यात सगळं एकदमच येतं, कोंबड्या पण पाहिजेत, शेळी पण पाहिजे, भाजी तर पाहिजेच, आणि घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं मग ससे पण आणू ना. मी बरीच वर्षं हे करतेय आणि कोणी विचारलं की एकच सांगते, एका सीझनला एकच नवीन गोष्ट. क्रम असा ठेवा: पाणी आणि कुंपण आधी, मग खताचा ढीग, मग वाफे, मग कोंबड्या, आणि शेळ्या सगळ्यात शेवटी, कोंबड्यांबरोबर एक अख्खं वर्ष काढल्यावर. कारण साधं आहे, टोमॅटोला दोन दिवस पाणी चुकलं तर रोप मान टाकतं आणि पाणी दिलं की बहुतेक वेळा परत उभं राहतं, पण कडक उन्हात कोंबड्यांचं भांडं दुपारभर कोरडं राहिलं तर संध्याकाळी मेलेल्या कोंबड्या उचलाव्या लागतात. सकाळ-संध्याकाळ न चुकता कोणीतरी जायचंच हा जो रोजचा नेम आहे ना, तो आधी वाफ्यांवर अंगवळणी पाडा, मग जिवंत तोंडं घरात आणा.

आणि हो, तुमच्या भागात घराजवळ जनावरं पाळायला परवानगी लागते का, शेजाऱ्यांपासून किती लांब ठेवावी लागतात, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. शेड बांधून झाल्यावर हे कळलं तर फार त्रास होतो.

जागा आधी नुसती बघा

महिनाभर काही खोदू नका, फक्त बघा. ऊन कुठे किती वेळ पडतं ते बघा, फळभाज्यांना रोज निदान ६ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्यांचं त्यापेक्षा कमी उन्हात भागतं. जोराचा पाऊस झाला की छत्री घेऊन बाहेर जा आणि पाणी कुठे साचतं, कुठून कुठे वाहतं ते डोक्यात पक्कं करा, कारण जनावरांचं शेड उंचावर पाहिजे आणि तिथलं पाणी विहिरीकडे किंवा वाफ्यांकडे वाहत जाता कामा नये. वाफे घराच्या दाराजवळ घ्या, लांब कोपऱ्यात नको. जाता-येता नजर पडली की अळी पहिल्या दिवशी दिसते, लांब असली की सगळं पान खाऊन झाल्यावर दिसते.

पाण्याचा हिशोब आत्ताच करा. दहा कोंबड्या दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पितात, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरा. एक मोठी शेळी साधारण ४ ते ८ लिटर पिते, दूध देत असेल तर अजून जास्त. हे सगळं बादलीने उचलून न्यायचं असेल तर पंधरा दिवसात खांदे बोलायला लागतात, म्हणून नळ किंवा पाइप शेडपर्यंत आधी न्या.

खताचा ढीग हा खरा पाया

बहुतेक लोक जनावरं आणतात आणि मग शेण-लेंड्या-विष्ठेचं काय करायचं याचं टेन्शन घेतात. उलटं करा, ढीग आधी लावा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच एवढा तरी ढीग पाहिजे, त्यापेक्षा लहान असला तर आत नीट गरम होत नाही. सुका पालापाचोळा, काटक्या, गवत, पुठ्ठा हे एका बाजूला, आणि ओला कचरा, हिरवं गवत, विष्ठा हे दुसऱ्या बाजूला. आकारमानाने सुकं दोन-तीन भाग आणि ओलं एक भाग असं ढोबळमानाने धरलं तरी चालतं. ओलावा बघायची सोपी पद्धत म्हणजे आतला मूठभर माल घेऊन घट्ट दाबा, बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त ओला आहे, सुकं घाला, आणि मूठ उघडल्यावर भुसभुशीत सुटून पडला तर पाणी मारा. ढीग चांगला लागला की तीन-चार दिवसात आत हात घालवत नाही, ५५ ते ६५ डिग्रीपर्यंत जातो, आणि तेच पाहिजे, त्या उष्णतेत बरेचसे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. कडेचा माल मात्र थंडच राहतो, म्हणून ढीग दर आठ-दहा दिवसांनी वरखाली करायचा, कडेचं मधे आणि मधलं कडेला.

कोंबडीची ताजी विष्ठा थेट झाडाच्या बुडाशी कधीच टाकू नका, त्यात नत्र इतकं असतं की मुळं जळतात. लेंडीखत त्यामानाने सौम्य, पण ज्या भाज्या आपण कच्च्या खातो त्यांच्या वाफ्यात कुठलीही ताजी विष्ठा घातली तर काढणीच्या आधी चार महिने तरी मधे गेले पाहिजेत, त्यापेक्षा कुजवूनच घाला. कुत्र्या-मांजराची घाण या ढिगात अजिबात नको, त्यांच्यातले जंत माणसालाही होतात.

अजून एक गोष्ट जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. बाहेरून आणलेल्या कडब्यावर, गवतावर किंवा शेणखतात तणनाशक उरलेलं असू शकतं. काही तणनाशकं जनावराच्या पोटातून जाऊन, खत कुजूनसुद्धा टिकतात. एका वर्षी माझे टोमॅटोचे शेंडे दोरीसारखे पिळवटले, पानं आत वळली, मी रोग समजून फवारण्या करत बसले आणि कारण निघालं बाहेरून आणलेलं खत. तेव्हापासून नवीन खत आलं की त्यातलं थोडं मातीत मिसळून तीन कुंड्यांत घेवड्याचं बी लावते आणि बाजूला एक कुंडी नुसत्या मातीची ठेवते. तीन आठवड्यात घेवड्याची पानं सरळ आली तर खत वाफ्यात जातं, वाकडी आली तर जात नाही.

वाफे

वाफा चार फुटापेक्षा रुंद करू नका म्हणजे दोन्ही बाजूंनी मधपर्यंत हात पोचतो आणि आत पाय ठेवावा लागत नाही, पाय पडला की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. पहिल्या सीझनला तीन-चार वाफे बास. गवत माजलेलं असेल तर खोदत बसू नका, गवत बुडापर्यंत कापा, वर पुठ्ठे एकावर एक चढवून अंथरा (चिकटपट्ट्या आणि पिना काढून), भरपूर पाणी मारा आणि वर सहा-आठ इंच खत-माती घाला, खालचं गवत अंधारात मरतं आणि गांडुळं वर येतात.

काय लावायचं तर घरात जे आवडीने खाल्लं जातं तेच. मुळा आणि पालेभाज्या महिन्याभरात हातात येतात, म्हणून पहिल्यांदा त्या लावा, घरच्यांचा उत्साह टिकतो. सगळं बी एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरा, नाहीतर एका आठवड्यात खाऊन संपत नाही इतकं येतं आणि मग महिनाभर काहीच नाही. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, यापेक्षा जास्त नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही सगळी एकाच घराण्यातली, त्यांचे रोग सामायिक असतात, म्हणून एका वाफ्यात ही घेतली की पुढची दोन-तीन वर्षं तिथे यातलं काहीच नको, त्या जागी घेवडा-वाटाणा घ्या, त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरून ठेवतात. सावलीत वाढवलेली रोपं थेट उन्हात लावू नका, आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना सवय लावा. पाणी द्यायच्या आधी बोट मातीत दोन पेरं घालून बघा, आत ओल असेल तर आज पाणी नको. रोज वरवर शिंपडल्याने मुळं वरच राहतात. आणि उघडी माती दिसली की सुक्या गवताचं आच्छादन घाला, बाकी बागेचं काम तुम्हाला बागच शिकवते.

कोंबड्या

सुरुवातीला पाच-सहा पुरतात. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, पिल्लं पाहिजे असतील तरच ठेवा.

पिल्लांपासून सुरू केलं तर पहिला आठवडा ३२ ते ३५ डिग्री ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत यायचं, पिसं आली की बल्ब बंद. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. सगळी बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय, सगळी कडेला चोच उघडी टाकून बसली असतील तर उकडतंय, आणि इकडे-तिकडे पसरून दाणे टिपत असतील तर बल्ब जिथे आहे तिथेच राहू द्या. पिल्लू पहिल्यांदा आणलं की प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्याला कळतं. भांड्यात खडे टाका नाहीतर पिल्लं बुडतात. बल्ब पक्का बांधा, एका दोरीवर नाही, दोन ठिकाणी, तो खाली भुशात पडला तर आग लागते.

हा खटाटोप नको असेल तर चार महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या आणा, महिन्या-दीड महिन्यात अंडी सुरू होतात. पाच महिन्यांच्या आसपास पहिलं अंडं येतं, छोटंसं असतं, कधी मऊ कवचाचं पण असतं, घाबरू नका.

खुराड्यात आत प्रत्येकीला तीन-चार चौरस फूट, बाहेर फिरायला आठ-दहा. बसायला आडवी काठी पाहिजे, प्रत्येकीला आठ-दहा इंच धरा, आणि ती काठी अंड्याच्या खोक्यांपेक्षा उंच पाहिजे, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं. हवा खेळती पाहिजे पण ती डोक्याच्या वरून. आत गेल्यावर तुमच्या नाकाला झोंबलं तर त्यांच्या नाकाला त्याआधीच झोंबलेलं असतं, म्हणून भुसा बदला आणि तो ढिगावर टाका.

जाळीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. ती जी षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवते, पण बाहेरचं जनावर बाहेर ठेवत नाही. पहिल्या वर्षी मी तीच लावली होती. एका पहाटे गेले तर जाळी बुडाशी फाटलेली, खाली उकरलेलं, आणि सहापैकी दोन कोंबड्या उरल्या होत्या, त्या दोघी वरच्या काठीवर भिंतीला चिकटून बसलेल्या, दोन दिवस खाली उतरल्या नाहीत. आता माझ्याकडे अर्ध्या इंच भोकाची वेल्डेड जाळी आहे, आणि ती बुडाशी बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवून मातीखाली दाबली आहे, म्हणजे उकरणारं जनावर भिंतीशी येऊन उकरायला लागलं की खाली परत जाळीच लागते. संध्याकाळी दार लावणं आणि लावताना मोजणं, यात एक दिवसही खंड नको.

खाद्य दिवसाला एका कोंबडीला ११० ते १२० ग्रॅम. अंडी देणारीला १६-१७ टक्के प्रोटीनचं लेयर खाद्य, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, जिला पाहिजे ती खाते. लेयर खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमने किडनी खराब होते. बुरशी आलेलं काहीही नको, कच्चे सुके घेवड्याचे दाणे नकोत, हिरवट बटाट्याची सालं नकोत. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात, त्यांना १४-१६ तास उजेड लागतो, आणि वर्षातून एकदा पिसं झडतात तेव्हा तर बंदच होतात. ते आजारपण नाही, तेव्हा फक्त प्रोटीन वाढवा. एखादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहिली, आणि पिल्लं पाहिजे असतील तर तिच्याखाली फळलेली अंडी ठेवा, २१ दिवस लागतात. रानीखेत म्हणजे मानमोडीची लस जनावरांच्या डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या, रोग आल्यावर त्याला औषध नाही.

कोंबडी आजार लपवते, म्हणून आठवड्यातून एकदा रात्री टॉर्च घेऊन जा, तेव्हा ती शांत असते, सहज उचलता येते. छातीचं मधलं हाड चाचपा, सुरीच्या धारेसारखं लागलं तर वजन उतरतंय. गळ्याखालची पोटली संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असायला पाहिजे, सकाळी पण कडक भरलेली असेल तर काहीतरी अडकलंय. शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा बघा, आणि काठीच्या खालच्या बाजूवरून पांढरा कागद फिरवा, कागदावर लाल रेघ उमटली तर रक्त पिणारे माइट्स आहेत, ते दिवसा फटींत लपतात म्हणून दिवसा दिसत नाहीत.

आणि कोंबड्या वाफ्यात सोडायच्या का? पीक उभं असताना नाही, एका दुपारी सगळी रोपं उपटतात. काढणी झाली की रिकाम्या वाफ्याभोवती जाळी लावून चार-पाच दिवस सोडा, अळ्या, कोष, तणाचं बी सगळं टिपतात आणि वरची माती हलवून देतात. मग तिथे लगेच कोथिंबीर-पालक न लावता उशिरा येणारं, शिजवून खायचं काहीतरी लावा.

शेळ्या

एकटी शेळी आणू नका. ती कळपातलं जनावर आहे, एकटी असली की दिवसरात्र ओरडते, खात नाही, आणि तुम्हालाही झोप नाही. दोन आणा. विकत घेताना चालवून बघा, लंगडत नाही ना, डोळे चमकदार, नाक वाहत नाही ना, मागची बाजू स्वच्छ आहे का, कास दोन्ही हातांनी दाबून बघा, आत गाठ लागता कामा नये. घरी आणल्यावर दुसऱ्या जनावरांपासून तीन-चार आठवडे वेगळी ठेवा.

कुंपण निदान चार फूट आणि कुंपणाला लागून काही ठेवू नका, ओंडका असो की ड्रम, त्यावर चढून पलीकडे जाते आणि पलीकडे तुमचे वाफे असतात. आत प्रत्येकीला दहा-बारा चौरस फूट कोरडी जागा, बाहेर त्याच्या दुप्पट तरी. शेळीला भिजणं चालत नाही.

शेळी गवतापेक्षा पाला पसंत करते, मान वर करून खाते, म्हणून चारा जमिनीवर टाकू नका, गव्हाणीत किंवा टांगून द्या. खाली पडलेला ती खात नाही आणि खाल्ला तर जंत होतात. वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के सुका अंश रोज लागतो, म्हणजे ३० किलोच्या शेळीला किलोभर, ओला चारा असेल तर त्याच्या चार-पाच पट वजन. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, तिच्या पोटातल्या जिवाणूंना नवीन चाऱ्याची सवय व्हावी लागते. धान्याचं पिंप कुलपात ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगते, एकदा शेळी धान्यावर मोकळी सुटली की पोट आम्लाने भरतं आणि ती मरू शकते. कण्हेर आसपास असेल तर मुळासकट काढा, थोडी पानं पण जीव घेतात. कोवळ्या ज्वारीवर पण सोडू नका, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते.

रोज दोन मिनिटं तिच्याजवळ उभं राहा. डाव्या कुशीत मूठ ठेवा, मिनिटाला एक-दोनदा आतून हळूच ढकलल्यासारखं लागतं, ते पोट चालू आहे. तीच कूस ढोलासारखी ताणलेली लागली, ती दात खात असेल, रवंथ बंद असेल तर पोटफुगी आहे, सकाळपर्यंत वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा. तिचं नॉर्मल तापमान ३९ डिग्रीच्या आसपास असतं, आपल्याला जो ताप वाटेल तो तिला ताप नाही. जंतांसाठी खालची पापणी ओढून आतला रंग बघा, लालसर गुलाबी असेल तर ठीक, पांढरट असेल तर रक्त पिणारे जंत असू शकतात. सगळ्यांना दर महिन्याला औषध पाजत बसू नका, जंतांना औषधाची सवय होते आणि मग खरंच गरज असते तेव्हा ते चालत नाही, लेंडी तपासून जिला पाहिजे तिलाच द्या. खुरं दीड-दोन महिन्यांनी कापा. आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्यांच्या रोगांच्या लसीचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दूध पाहिजे तर आधी शेळी व्यायला लागते, आणि करडांत साधारण निम्मे बोकड निघतात, त्यांचं काय करणार हे शेळी गाभण करायच्या आधी घरात बसून ठरवा. दूध सुरू झालं की दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी धार काढावी लागते, त्यामुळे गावाला जायचं असेल तर धार काढता येणारा माणूस आधीच तयार करून ठेवा.

गाभण राहिल्यापासून साधारण १५० दिवसांनी विते. तारीख भिंतीवर लिहा. जवळ आली की कास तटतटते, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे घट्ट दोर मऊ पडतात, ती बाजूला जाऊन पायाने जमीन उकरते. आधी दोन पुढचे खूर आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक दिसलं तर हात लावू नका, ती स्वतः करते. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि काहीच पुढे सरकत नसेल तर डॉक्टरांना बोलवा. करडू खाली आलं की नाकातोंडातला चिकटा पुसा आणि आईच्या तोंडापुढे ठेवा, तिला चाटू द्या. नाळ आयोडीनमध्ये बुडवा. प्रत्येक सडाची पहिली धार बाहेर काढून टाका, सडाच्या टोकाला मेणासारखा बूच असतो तो निघतो, आणि तासाभरात करडाच्या पोटात चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, गेलाच पाहिजे. उभं राहता येत नसेल तर धरून पाजा, शेपटी जोरजोरात हलायला लागली की समजा दूध येतंय. वार (करडू पोटात असताना त्याला जोडलेली असते ती) १२ तासांच्या आत आपोआप पडते, ओढू नका. ती उचलताना हातमोजे घाला, घरात कोणी गरोदर असेल तर तिला या कामापासून पूर्ण लांब ठेवा, आणि वार खताच्या ढिगात नाही तर वाफ्यांपासून आणि विहिरीपासून लांब, कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरा.